किल्ल्यांची वही

रविवार, १ जून २०२५, बदलापूर

पाऊस यंदा कुणाला न विचारता आला. २६ मेलाच मुंबईत दाखल. नगरपालिकेची नालेसफाई अर्धी राहिली आणि माझीही. दरवर्षी मेअखेर मी सगळ्या गिऱ्हाइकांकडे फेरी मारतो: यूपीएसच्या बॅटऱ्या, अर्थिंग, रॅकवर कुठून गळतंय का. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत पाच कारखाने, उल्हासनगरात तीन दुकानं, बदलापुरात एक पतपेढी आणि दोन दवाखाने. पसारा मोठा नाही, पण यांचं नेट बंद पडलं की रात्री-अपरात्री फोन मलाच.

या वेळी फेरीचं काम वाढलं ते काल स्टेशनबाहेर चहा पिताना. माझ्याकडे चार वर्षं काम करून दोन वर्षांपूर्वी गेलेला मुलगा भेटला. आता ऐरोलीला मोठ्या कंपनीत आहे. सहज म्हणाला, "भाऊ, त्या व्हॉल्ववाल्यांकडे अजून माझाच पासवर्ड ठेवलाय का? परवा लॅपटॉपवर जुनं कनेक्शन चुकून क्लिक झालं, तर थेट आत!" तो हसला. मीही हसलो. ते हसू घरी पोचेपर्यंत टिकलं नाही.

मुलगा सरळ आहे, त्याच्याबद्दल शंका नाही. पण त्याचा लॅपटॉप उद्या लोकलमध्ये राहिला तर? परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने बेकायदेशीर आहे. हेतू वाईट असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद. पण कायदा चोरी झाल्यावर येतो, दार आपल्यालाच लावायचं असतं. कारखान्याचा वॉचमन नोकरी सोडतो तेव्हा त्याच्याकडून जुडगा मोजून घेतात. मी या मुलाकडून काय मोजून घेतलं? आयकार्ड आणि क्रिम्पिंग टूल.

नवी वही घेतली, दोनशे पानी. प्रत्येक डब्याला, म्हणजे राउटर, स्विच, जे काही असेल त्याला, एक पान. डबा कुठे आहे, आत कोण जाऊ शकतं, कुठून आणि कसं. जून संपेपर्यंत भरायची.

शुक्रवार, ६ जून, आनंदनगर, अंबरनाथ

शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी. आमच्या धंद्याला हाच दिवस सोयीचा, मशीन बंद असली की स्विचला हात लावता येतो. सुरुवात अर्थात व्हॉल्ववाल्यांपासून.

मालकांच्या मते डबे आठ. संध्याकाळपर्यंत तेवीस सापडले. एक स्विच पँट्रीत फ्रिजच्या मागे, एक फॉल्स सीलिंगवर उंदरांच्या संगतीत. स्टोअरमधल्या मुलाने मोबाइलला रेंज यावी म्हणून स्वतःच्या पैशाने आणून लावलेला वायफाय राउटर वेगळाच. त्याचा पासवर्ड डब्याच्या बुडाला चिकटवलेला, जसा दुकानातून आला तसा. जे मोजलंच नाही त्याची राखण कशी करणार?

मुख्य स्विचवर अजून टेलनेट चालू होतं. मालकांना नुसतं सांगून पटलं नसतं, म्हणून त्यांच्या केबिनमध्ये लॅपटॉपवर वायरीवरून जाणारं दाखवणारं वायरशार्क लावलं आणि दुसऱ्या लॅपटॉपवरून स्विचमध्ये शिरलो. टाइप केलेला पासवर्ड पडद्यावर एकेक अक्षराने उमटला. मालक खुर्चीतून पुढे सरकले. "म्हणजे हा पोस्टकार्डावर लिहून पाठवल्यासारखा जातो?" अगदी तसाच. टेलनेट बंद केलं, एसएसएच चालू केलं. आता पत्र बंद पाकिटातून जातं.

मग कॉन्फिगरेशनची फाइल उघडली. सगळे पासवर्ड सात नंबरच्या पद्धतीने लिहिलेले. दिसायला आकडे-अक्षरांची खिचडी, पण ती खरं तर कुलूपबंद नसते. मागून वाकून बघणाऱ्याला चटकन वाचता येऊ नये इतकाच तिचा उपयोग. ती उलटी फिरवून मूळ पासवर्ड दाखवणारी साधनं फुकट मिळतात. ते पुसून नव्या, न उलगडणाऱ्या पद्धतीने घातले. 'एडमिन' हे सामायिक खातं काढलं. आता प्रत्येकाचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. राउटरचं बाहेरून उघडं असलेलं दार बंद केलं. यायचं तर व्हीपीएनने, मोबाइलवर ओटीपी घेऊन.

उरला मोठा विषय. ऑफिस, सीसीटीव्ही, पाहुण्यांचं वायफाय आणि शॉपफ्लोअरवरच्या मशिन, सगळं एकाच पंगतीत. मालक म्हणाले, "वायरिंग परत करणार? खर्च किती?" म्हटलं, वायर तीच राहील. आपली लोकल बघा. गाडी एक, रूळ तेच. पण लगेजच्या डब्यातून फर्स्ट क्लासमध्ये आतून जाता येतं का? व्हीलॅन म्हणजे तेच. स्टेशनवर उतरायचं, तपासनिसासमोरून जायचं, मग दुसऱ्या डब्यात चढायचं.

मालकांना २०२१ आठवत होतं. त्या वर्षी २१ मार्चच्या पहाटे खुद्द एमआयडीसीच्या संगणकांवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. मुख्यालयापासून प्रादेशिक कार्यालयांपर्यंत कामं ठप्प झाली. वाचलं ते काय? नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवलेले बॅकअप. त्यांना लागण झाली नव्हती, असं महामंडळानेच तेव्हा सांगितलं होतं. हे ऐकल्यावर मालकांनी खर्च विचारायचं थांबवलं आणि पुढचा शुक्रवार कधी मोकळा आहे ते विचारलं.

मंगळवार, १० जून, उल्हासनगर

वटपौर्णिमा. शहाडहून कॅम्प दोनला येताना रिक्षावाल्याने वडाच्या गर्दीमुळे दोनदा रस्ता बदलला. जीन्सच्या शेठकडे काम होतं: दुकान आणि मागचं गोदाम, मिळून सोळा कॅमेरे.

शेठना घरी बसून दुकान दिसायला हवं. कुणीतरी डीव्हीआरचं पोर्ट सरळ जगासाठी उघडून ठेवलंय. युजर एडमिन, पासवर्ड एक ते सहा. "साईं, तीन साल से चल रहा है, एक दिन बंद नहीं पडा!" शेठ अभिमानाने म्हणाले.

चालतंय खरं. प्रश्न इतकाच की कुणासाठी. २०१६ साली मिराय नावाच्या प्रोग्रॅमने जगभरचे असेच कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर गोळा केले. त्यासाठी ना हुशारी लागली ना हातोडा. कारखान्यातून येणारे साठेक युजर-पासवर्ड एकेक करून लावून बघायचे, झालं. २१ ऑक्टोबर २०१६ला त्या फौजेने डाइन या अमेरिकन कंपनीवर इतका भार टाकला की तिकडे ट्विटर, नेटफ्लिक्स उघडेनात. हे हत्यार बनवणारे तिघे विशीच्या आसपासचे तरुण निघाले, त्यांनी पुढच्या वर्षी गुन्हा कबूल केला. आपल्याकडे जुलै २०१७मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमवर हल्ला झाला. ज्यांनी पहिल्या दिवसाचा 'एडमिन-एडमिन' तसाच ठेवला होता ते मोडेम लटकले. पासवर्ड बदला, असं कंपनीला ग्राहकांना सांगावं लागलं.

शेठना हे सगळं नाही सांगितलं. एवढंच म्हणालो, "शेठ, तुमचा गल्ला तुम्ही घरून बघता, तो अजून कोण कोण बघतं ते आपल्याला माहीत नाही." गल्ल्याचं नाव काढताच पोर्ट पाच मिनिटांत बंद करायची परवानगी मिळाली. आता मोबाइलवर आधी व्हीपीएन, मग कॅमेरा. पहिले दोन दिवस शिव्या खाणार आहे, तयारी आहे.

निघताना शेठनी एक स्विच दाखवला. मोठ्या अमेरिकन कंपनीचा, अर्ध्या किमतीत मिळालेला. "यूएसएचा आहे," म्हणाले आणि डोळा मारला. उल्हासनगरात बनलेल्या मालावरच्या 'मेड इन यूएसए'चा विनोद आम्ही सगळेच लहानपणापासून ऐकतो. पण ही थट्टा आता एकट्या उल्हासनगरची राहिलेली नाही. खऱ्या यूएसएतच, फ्लोरिडात राहणारा एक व्यापारी चीन-हाँगकाँगहून बनावट सिस्को उपकरणं आणून खरी म्हणून विकत होता. काही माल अमेरिकी लष्करापर्यंत पोचला. मे २०२४मध्ये त्याला साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. मूळ कंपनीचं सॉफ्टवेअर ज्यावर धड अपडेट होणार नाही तो डबा स्वस्त कसला? शेठना सांगितलं, हा शोकेसमध्ये ठेवा. वहीत त्याचं पान उघडलंच नाही.

शुक्रवार, १३ जून, बदलापूर

पतपेढी. अध्यक्ष निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे सरच म्हणतात. स्विचमध्ये शिरून तारीख पाहिली: १ मार्च १९९३. हा डबा लाइट जाऊन आली की स्वतःला तिथे नेऊन ठेवतो, कारण वेळ सांगणारं कुणी त्याला जोडलेलंच नाही. सर म्हणाले, "त्या साली मी सातवी ब चा वर्गशिक्षक होतो. तुमच्या यंत्राच्या मते मी अजून तिथेच."

हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. रात्री दोन वाजता कुणी आत शिरलं तर नोंद होईल, पण ती नोंद कोणत्या दोन वाजताची? फायरवॉल एक वेळ सांगते, स्विच दुसरी, कॅमेरा तिसरी. तीन साक्षीदार तीन जबान्या देतात आणि चोर सुटतो. सायबर सुरक्षेचं काम बघणाऱ्या सरकारी सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत घड्याळाचाही उल्लेख आहे, तो यासाठीच. घड्याळं एनआयसीच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवा, नोंदी १८० दिवस जपा, गंभीर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवा.

सरांना नोंदी जपण्याचं पटवावं लागलं नाही, हजेरीपट जपण्यात आयुष्य गेलेलं. कपाटावरचा जुना डेस्कटॉप पुसून घेतला आणि सगळ्या डब्यांच्या नोंदी त्यावर पाठवल्या. डब्यात नोंदी ठेवून उपयोग नाही, आत शिरणारा आधी त्याच पुसतो.

डब्यांची तब्येत विचारायची एक सोय असते, एसएनएमपी. तिचा परवलीचा शब्द इथे होता 'पब्लिक'. कारखान्यातून येतो तोच. बदललाच, पण जुन्या आवृत्तीत तो उघडाच वायरीवरून जातो, म्हणून तिसरी आवृत्ती लावली. तिला ओळखही लागते आणि मजकूरही झाकलेला जातो.

निघताना सर हळूच म्हणाले, "कॉसमॉसचं आठवतं ना?" सहकार क्षेत्रात हे नाव अजून दबक्या आवाजात घेतात. ऑगस्ट २०१८, पुण्याची बँक, दोन दिवसांत ९४ कोटी. एटीएमचे व्यवहार मंजूर करणारी जी यंत्रणा असते तिच्या जागी चोरांनी आपली खोटी उभी केली. २८ देशांत कार्डं चालली आणि प्रत्येक वेळी 'हो' म्हणणारी ती खोटी होती. आमची पतपेढी त्या बँकेच्या नखाएवढी. पण पैसे ठेवणाऱ्यांना आपली ठेव नखाएवढी वाटत नाही.

बुधवार, १८ जून, रात्री दोन

आज माझाच पोपट झाला. लिहून ठेवतो, म्हणजे परत होणार नाही.

रात्री अकरा वाजता घरून व्हॉल्ववाल्यांच्या मुख्य स्विचवर काम करत होतो. ठरवलं होतं की स्विचमध्ये शिरायची परवानगी फक्त ठरावीक पत्त्यांना. यादी लिहिली, लावली. यादीच्या शेवटी एक न लिहिलेली ओळ असते, बाकी सगळ्यांना मज्जाव. हे मी पोरांना शिकवतो. पण व्हीपीएनने येणाऱ्यांना वेगळे पत्ते मिळतात, ते यादीत घालायचे राहिले. म्हणजे मीच राहिलो. एंटर मारलं आणि पडदा गोठला. आत बसून बाहेरून कडी लावायची कला आपल्याला साधली.

बदल सेव्ह केला नसता तर स्विच बंद-चालू करून सुटलो असतो. पण मी सगळा मजकूर एकदम पेस्ट केला होता आणि शेवटी सेव्हची ओळ होतीच. शिवाय रात्रपाळी चालू होती, स्विच बंद करणं शक्य नव्हतं. रेनकोट, स्कूटर, पिशवीत ती चपटी फिकट निळी कन्सोल केबल. चिखलोलीपाशी रस्ता दिसेना. वॉचमनकाका गेटवर म्हणाले, "काय साहेब, एवढ्या रात्री किल्ली विसरली का?" काकांना काय माहीत, किती नेमकं बोलले!

केबल लावली, ९६००चा वेग, दोन ओळी. काम चार मिनिटांचं. जायला-यायला दीड तास.

वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने: दुरून यादी बदलण्याआधी 'रीलोड इन १०' घालायचं. दहा मिनिटांत मी रद्द केलं नाही तर डबा आपोआप जुन्या स्थितीत उठतो. मायक्रोटिकवर सेफ मोड, ज्युनिपरवर कमिट कन्फर्म्ड. आणि सेव्ह सगळ्यात शेवटी, हाताने, तपासून. रात्रपाळी चालू असताना तर हातच लावायचा नाही. शुक्रवार कशासाठी असतो?

शनिवार, २१ जून, बदलापूर

दिवसभर कोसळतोय. ही दोनदा बाल्कनीत जाऊन उल्हासच्या दिशेला बघून आली. नदीकाठच्या लोकांना पावसाचा आवाज आकड्यांत ऐकू येतो. २६ जुलै २००५ इथे कुणी विसरलेलं नाही, आणि २०१९चा जुलैही. त्या वर्षीही २६ जुलैच्याच रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि दुसऱ्या दिवशी होड्या लावून हजारावर प्रवासी काढले.

त्याच पाण्यात माझं तळमजल्यावरचं दुकानही गेलं होतं. यंत्रं विम्यात बसली. पण गिऱ्हाइकांच्या डब्यांची कॉन्फिगरेशनं एकाच पीसीत होती, ती कोणत्या विम्यात बसणार? दोन महिने आठवून आठवून लिहीत होतो.

आता रोज रात्री प्रत्येक डब्याची फाइल आपोआप उतरते, कुलूपबंद होते आणि दोन ठिकाणी जाते. रोजची फाइल कालच्या फाइलशी ताडून पाहिली जाते. एक ओळ जरी बदलली असेल तर सकाळी मला मेल येतो. पाच दिवसांपूर्वी असा मेल आला तेव्हा छाती धडधडली. नंतर कळलं की बदल माझाच होता, वहीत लिहायचा राहिलेला.

आज दुसरी गोष्ट केली. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी एक लिफाफा: आणीबाणीचा पासवर्ड, डब्यांचा नकाशा, कोणाला फोन करायचा. लाखेने बंद, मालकाच्या गोदरेजमध्ये. सील तुटलं तर पासवर्ड बदलायचा. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण हे गुप्त ठेवायचं असतं ना?" म्हटलं, परक्यापासून गुप्त, मालकापासून नाही. उद्या माझी स्कूटर चिखलोलीच्या खड्ड्यात गेली तर तुमचं सीबीसी मशीन कोण चालू करणार? सगळ्या किल्ल्या एकाच्या कमरेला असणं हाही धोकाच.

शुक्रवार, २७ जून, आनंदनगर

पाचवा कारखाना, आणि 'चालतंय ना, मग हात कशाला लावता?' हे वाक्य या महिन्यात पंधराव्यांदा.

इथे मायक्रोटिकचा राउटर, सॉफ्टवेअर २०१७चं. त्यातल्या विनबॉक्स या सोयीत एक भोक होतं. पासवर्ड न देताच बाहेरचा माणूस आतली युजर-पासवर्डची फाइल वाचू शकत होता. कंपनीने एप्रिल २०१८मध्ये भोक बुजवलं, अपडेट फुकट दिलं. तरी त्याच पावसाळ्यात जगभरचे लाखो राउटर चोरांनी क्रिप्टो नाणी खणायच्या कामाला जुंपले होते, कारण अपडेटचं बटण दाबायला कुणी नव्हतं. औषध दारात ठेवलेलं आणि रोगी आत कण्हतोय. इथला राउटर तेव्हापासून कुणाकुणाची चाकरी करत होता कोण जाणे. नुसतं अपडेट करून भागणार नव्हतं. पूर्ण पुसला, नवं सॉफ्टवेअर घातलं, सगळे पासवर्ड बदलले, लागत नाहीत त्या सोयी बंद केल्या.

दुसरा एक स्विच तर कंपनीनेच वाऱ्यावर सोडलेला. आता त्याला अपडेट येणारच नाही. मालकांना लेखी दिलं: दिवाळीपर्यंत बदला, तोवर हा फक्त आतल्या मशिनपुरता. सही घेतली. तोंडी सांगितलेलं पावसात वाहून जातं.

रविवार, ६ जुलै, आषाढी एकादशी

वही भरत आली. डबे एकशे सात. मालकांनी मिळून सांगितलेले होते एक्केचाळीस. सहा बदलायला झालेत, त्यांच्या पानांना लाल कोपरा.

सकाळी ऐरोलीच्या मुलाचा फोन आला. त्याला मीच सांगितलं होतं की लॅपटॉपमधलं जुनं सगळं पुसून टाक. म्हणाला, "पुसलं भाऊ. पण माझ्यावर विश्वास नव्हता का?" त्याला म्हटलं, "होता, म्हणून तर दोन वर्षं विसरलो." तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, त्याच्या नव्या कंपनीत माणूस राजीनामा देतो त्या दिवशी सहाच्या आत सगळी खाती बंद होतात. "आपल्याकडेही करा." करणार आहे. ज्या दिवशी आयकार्ड परत, त्याच दिवशी खातं बंद. नियम वहीच्या दुसऱ्या पानावर.

दुपारी उपासाचं खाऊन जुन्या डायऱ्या रद्दीत काढायला बसलो. २०२२च्या डायरीत एका गिऱ्हाइकाचं पान निघालं. मोरिवलीचा कारखाना, पैशावरून वाजलं आणि त्यांनी मला सोडून दुसरा माणूस धरला. पानावर राउटरचा पत्ता, माझं खातं, माझा पासवर्ड. ते खातं त्यांनी बंद केलंय का?

लॅपटॉप समोरच होता. दोन मिनिटांत कळलं असतं.

उघडून पाहिलं नाही. तो हक्क त्यांनी मला सोडलं त्या दिवशीच संपला. त्यांच्या मालकांना पत्र लिहिलं: आपल्या राउटरवर माझ्या नावाचं खातं अजून असल्यास ते बंद करावं, माझ्या वेळचे सगळे पासवर्ड बदलावेत, आणि बदलल्याचं आपल्या माणसाकडून लेखी घ्यावं. डायरीचं पान फाडून जाळलं. पत्र उद्या अंबरनाथ पोस्टातून रजिस्टर करतो.

ही रोजनिशी कुणाच्या हाती पडली तर एवढंच करावं. आपल्याकडून आजवर काम सोडून गेलेल्या माणसांची नावं एका कागदावर लिहावीत, आणि प्रत्येकापुढे लिहावं की त्याची किल्ली कुठे आहे.